साडेतीन मुहूर्तांचा व्यायाम

मराठी मध्यमवर्गीय माणसाला लहान संकल्प सोसत नाही. बी विंगमधल्या काकांनी एक जानेवारीला जिमची वर्षाची फी एकरकमी भरली, बूट घेतले, पावलं मोजणारं घड्याळ घेतलं आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सहा महिन्यांत पंधरा किलो’ असं जाहीर केलं. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. कौतुक आगाऊ जमा झाल्यावर घाम गाळायला कारण उरलं नाही.

पंधरा किलोची एक सोय असते. ते उतरणार नाहीत हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, त्यामुळे जुलैत कोणी हिशेब मागत नाही. तेच काकांनी ‘रोज जेवणानंतर दहा मिनिटं चालणार’ असं म्हटलं असतं, तर पहिल्याच रात्री काकू चपला काढून दारात उभ्या राहिल्या असत्या.

काकांना एकटं वाटून घ्यायचं कारण नाही. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके मालमेंडियर या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या साडेसात हजारांहून अधिक सभासदांची हजेरी तपासली आणि २००६ साली निष्कर्ष छापले. महिन्याला ७० डॉलरहून जास्त वर्गणी भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळा फिरकत होते. म्हणजे एका खेपेला १७ डॉलरच्या वर. दहा खेपांचा पास घेतला असता तर तीच खेप १० डॉलरला पडली असती. पण पास घेणं म्हणजे आपण फार येणार नाही हे काउंटरवर कबूल करणं! त्यापेक्षा सात डॉलर गेलेले परवडले.

मग ती प्रसिद्ध दहा हजार पावलं. काकांच्या घड्याळाला हा आकडा कुठल्या डॉक्टराने सांगितला असेल असा त्यांचा समज आहे. तो आला जपानमधून. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, १९६५ साली, यामासा कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं आणि दहा हजार हा गोल आकडा त्याच्या नावातच घातला. २०१९ साली हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सोळा हजारांहून अधिक महिलांची पाहणी प्रसिद्ध केली. महिलांचं सरासरी वय ७२. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फारसा फरक पडेना. चौथ्या मजल्यावरच्या मुलीने हे सांगितलं तेव्हा काकांचा चेहरा पडला. दूध, भाजी आणि बँकेची पासबुक-फेरी धरली तर चार हजार कधीकधी होऊनच जातात. मग ग्रुपवर टाकायचं काय?

ग्रुपवर दुसरं बरंच असतं म्हणा. रोज पहाटे पाच वाजता कोणीतरी सूर्योदयाच्या चित्रावर आरोग्याचं महत्त्व लिहून पाठवतो, आणि वाचणारे ते अंथरुणातूनच पुढे ढकलतात. ब्रिटनमध्ये सारा मिल्न आणि सहकाऱ्यांनी या उपदेशाचं वजन करून पाहिलं होतं. निकाल २००२ साली छापला गेला. काही विद्यार्थ्यांना व्यायामाने हृदयविकार कसा टळतो यावरचं पत्रक वाचायला दिलं. पुढच्या आठवड्यात त्यांच्यातल्या ३५ टक्क्यांनी वीस मिनिटं व्यायाम केला. ज्यांना पत्रक दिलंच नव्हतं त्यांच्यातल्या ३८ टक्क्यांनी केला. तिसऱ्या गटाने पत्रक तर वाचलंच, शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कुठे व्यायाम करणार हे कागदावर लिहून दिलं. त्यांच्यातले ९१ टक्के पोहोचले. अट आठवड्यातून एकदाच, वीस मिनिटांची होती, हेही विसरायला नको. काकांनी हा कागद लिहायला ठाम नकार दिला. ‘मंगळवारी संध्याकाळी सात, बागेचं मागचं फाटक’ असं लिहिलं की माणूस मंगळवारी सात वाजता सापडतो. ‘आता तब्येतीकडे बघायला हवं’ या वाक्याला ना वार असतो ना फाटक.

नव्या सुरुवातीचा उत्साह मात्र त्यांच्याकडे मुबलक आहे. आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला जिममधली गर्दी वाढते, असं हेंगचेन दाई आणि केटी मिल्कमन यांच्या गटाने २०१४ साली आकडेवारीनिशी मांडलं. अमेरिकी माणसाला त्यासाठी सोमवारची वाट पाहावी लागते. काकांकडे साडेतीन मुहूर्त जास्तीचे आहेत. जानेवारीत सुटलेलं पाडव्याला धरायचं, पाडव्याला सुटलेलं अक्षय्य तृतीयेला. लंडनच्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या सवयींचा पाठपुरावा केला होता. सवय अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस लागले, कोणासाठी अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने काही बिघडलं नाही. काकांच्या पंचांगात ही सवलत नाही. बुधवार चुकला की गुरुवारी जाणं त्यांना अशुभ वाटतं.

शेवटचा प्रयत्न चौथ्या मजल्यावरच्या मुलीनेच केला. जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकी माणसाने १९९६ च्या सुमारास कधीच न धावलेल्या लोकांसाठी नऊ आठवड्यांचा कार्यक्रम आखला. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी अर्धा तास. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने पुढे तो उचलला. पहिल्या आठवड्यात साठ सेकंद हळू धावायचं, दीड मिनिट चालायचं, पुन्हा साठ सेकंद. “काका, फक्त एक मिनिट धावायचंय,” ती म्हणाली.

“एका मिनिटासाठी बूट घालायचे?” काका म्हणाले, आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर त्यांनी एका मॅरेथॉनचा फॉर्म भरला. पूर्ण, बेचाळीस किलोमीटरची. फॉर्ममध्ये टी-शर्टचं माप विचारलं होतं. सध्या डबल एक्सेल लागतो, पण शर्यत जानेवारीत आहे म्हणून त्यांनी ‘मीडियम’ लिहिलं.