तास किती झाले?

जुन्या मोबाइलच्या जाहिरातीइतकं कल्पक ललित लेखन हल्ली मराठीत दुसरं होत नाही. ‘सिंगल हँड’, ‘डॉक्टरांनी वापरलेला’, ‘डबा-बिलासकट’, ‘अर्जंट विकणे आहे, भाव करू नये’. ही घाई तीन-तीन महिने टिकते. फोन कधी घेतला ते ठळक लिहिलेलं असतं. किती वापरला, त्यावर मौन. जाणतं गिऱ्हाईक ‘बॅटरी हेल्थ’ विचारतं आणि विक्रेत्याची रेंज नेमकी तेव्हाच जाते. विमानाच्या धंद्यात ही लबाडी सहज पचत नाही. सेकंडहँड विमान घेणारा जन्मसालावर थांबत नाही, तो विचारतो, तास किती झाले? सांगाडा किती तास हवेत होता, किती वेळा जमिनीवर टेकला, इंजिन केव्हा उघडलं, सगळं लॉगबुकात नोंदलेलं असतं. लहान विमानांची कित्येक पिस्टन इंजिनं सुमारे दोन हजार तासांनी पूर्ण खोलायची असतात. तिथे ‘अगदी नव्यासारखं आहे हो’ चालत नाही. गोंदियाच्या डोक्यावरून रोज एवढी विमानं घिरट्या घालतात, तर त्यांच्याकडून ही एक सवय उचलावी आणि आधी बिरसीच्या विमानतळालाच लावावी, असं माझं म्हणणं आहे.

जाहिरात करायची तर बिरसी म्हणजे झकास माल. पहिला मालक इंग्रज. दुसऱ्या महायुद्धात, 1940 साली, त्यानं धावपट्टी बांधली. मग सार्वजनिक बांधकाम खातं, 1998 पासून औद्योगिक विकास महामंडळ आणि 2005 च्या अखेरीस विमानतळ प्राधिकरण. तेव्हा नागरी उड्डाण मंत्री गोंदियाचेच प्रफुल्ल पटेल होते, त्यामुळे शेवटच्या मालकानं हात आखडता घेतला नाही: धावपट्टी 2300 मीटरची झाली. आता तास मोजा. नियमित प्रवासी विमान आलं 13 मार्च 2022 रोजी, पट्टीच्या वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. ‘उडान’ योजनेतली फ्लायबिगची ती इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा काही महिन्यांत गुंडाळली गेली. 1 डिसेंबर 2023 ला इंडिगोनं हैदराबाद-तिरुपती सुरू केली, तेव्हा विमानसेवा गोंदियाला पुन्हा एकदा पहिल्यांदाच मिळाल्यासारखा थाट होता. एका गिऱ्हाइकानं परत केलेला माल पुन्हा सील लावून विकणं मोबाइलच्या दुकानात गुन्हा ठरेल. इथे सत्कार होतो.

यावर उत्तर तयार असतं: बिरसी रिकामी कुठे आहे? 2008 पासून तिथे वैमानिक घडवणारी संस्था आहे, आणि उत्तरेत धुकं पडलं की फुरसतगंजच्या राष्ट्रीय अकादमीची विमानंही इथे येतात. अगदी खरं. बिरसीचा मान राखला असेल तर तो शिकाऊंनीच. वर्षानुवर्षं या पट्टीवर त्यांचीच चाकं टेकली. पण लॉगबुकात प्रशिक्षण आणि प्रवासी वाहतूक एका रकान्यात घालत नाहीत. दोन्हींची बेरीज करून ‘विमानतळ गजबजला’ म्हणणं म्हणजे जुन्या गाडीचा मीटर फिरवणंच, फक्त उलट्या दिशेनं. शिकाऊ विमानात गोंदियाच्या माणसाला बसायला जागा नसते, मान वर करून बघायला मात्र तिकीट नाही. दुसरा आक्षेप असा की इथे प्रवासीच नाहीत. मग मुंबईची विदर्भ एक्सप्रेस आणि कोल्हापूरची महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियातून सुटतात त्या काय धान घेऊन? इथली पोरं नोकरीला पुण्या-मुंबईकडे जातात. त्यांना पहिलं विमान मिळालं इंदूरचं, आणि ते चाललं नाही म्हणून दोष पोरांचा!

तिसरा आक्षेप मात्र जड आहे: वह्या ठेवून काय होतं, सरकारी विमान कंपनीकडे कमी वह्या होत्या का? नव्हत्या. पटेलांच्याच कारकिर्दीत सरकारी कंपन्यांसाठी 111 विमानांची मागणी नोंदवली गेली. त्यातली पाच लांब पल्ल्याची बोइंग 777 काही वर्षांतच एतिहादला विकली. जानेवारी 2022 मध्ये कंपनी टाटांकडे परतली (मूळ मालकानंच सेकंडहँड घेतली, 1953 पासून सरकारी वापर, कर्जासकट), आणि पुढे त्याच जातीची, डेल्टानं वापरून सोडलेली विमानं तिनं भाड्यानं आणली. कळस 2025 च्या नोव्हेंबरात झाला. कोलकात्याच्या विमानतळानं ‘तुमचं बोइंग 737 हलवा’ म्हणून कळवलं, तेव्हा कंपनीला उमगलं की हे आपलंच आहे. सुट्या भागांच्याही तासांची नोंद ठेवणाऱ्या धंद्यात अख्खं विमान तेरा वर्षं विसरलं गेलं.

म्हणून बिरसीची वही कपाटात नको, चारचौघांत हवी. रकाने थोडेच: आज सुटलेलं विमान, गोंदियातून चढलेली माणसं, रिकाम्या खुर्च्या, रद्द झालेली फेरी. उद्घाटनांचा रकाना निराळा, कारण त्यांचीही झीज होतेच. फळा लावायला प्राधिकरणाकडे भिंत नसेल तर गोंदिया स्टेशनवर रिझर्वेशनच्या खिडकीशेजारी लावावा; वेटिंगवाल्यांना वाचायला वेळ भरपूर असतो.