ताप आला की मजूर गावी का जातो?

दिवाळी झाली की मानवत, सेलू, परभणीत जिनिंग सुरू होतात, गंगाखेड-पाथरीकडे उसाचं गाळप सुरू होतं. बाहेरगावचे कितीतरी मजूर कारखान्याच्या आवारातच पत्र्याच्या खोल्यांत राहतात आणि एकाच टाकीचं पाणी पितात. तिथं गॅस्ट्रोची साथ आली तर आरोग्य पथकानं काय करायचं हे ठरलेलं आहे. प्रत्येक रोग्याचं नाव, वय, जुलाब कधी लागले, पाणी कुठलं, आदल्या दिवशी काय खाल्लं, अशी यादी करायची. शौचाचा नमुना शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घ्यायचा. सगळं बरोबर आहे, पण त्यासाठी रोगी जागेवर सापडायला हवा.

तो सापडत नाही, कारण रोजंदारीवरच्या माणसाचा ताप म्हणजे खाडा. पहिला दिवस तो अंगावर काढतो. दुसऱ्या दिवशी जवळच्या डॉक्टरकडून सलाईन आणि दोन गोळ्या. तिसऱ्या दिवशी एसटीनं गाव. नमुना गेला, यादी अर्धवट राहिली आणि जंतू नव्या वस्तीत पोचले. मुकादमानं हजेरीवर नावच चढवलं नसेल तर गेलेल्याचा पत्ताही कुणी सांगू शकत नाही.

सप्टेंबर 1994 मध्ये देशानं हे पाहिलंय. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग निघाला होता, आणि पाठोपाठ सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग. वेड रोडच्या दाट वस्तीत, यंत्रमाग आणि हिऱ्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या माणसांत. त्यात आपले खानदेशी मराठी कामगारही मोठ्या संख्येनं होते. काही दिवसांत लाखो लोकांनी मिळेल त्या गाडीनं सुरत सोडली आणि रोग्यांच्या संपर्कातली माणसं शोधायची कुठं, हा प्रश्न देशभर पसरला. निदानावर तज्ज्ञांचा वाद पुढं कितीतरी दिवस चालला. प्लेगच होता, हे सरकारनं नेमलेल्या रामलिंगस्वामी समितीनं नंतर सांगितलं. माणसं पळाली म्हणून कामगारांना अडाणी ठरवणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही. आजारपणात चूल कोण पेटवणार, याचं उत्तर जिथं मिळत नाही तिथून माणूस घरीच जाणार.

ते उत्तर कायद्यात आहे. राज्य कामगार विमा योजनेत आजारी कामगाराला वर्षात 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते. पण 1948 च्या त्या कायद्यानं हंगामी कारखाने वगळले, आणि हंगामी म्हणजे कोणते हे नावानिशी लिहिलं: कापसाचं जिनिंग, प्रेसिंग, साखर, गूळ. म्हणजे नेमके परभणीचे कारखाने! 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनंही हंगामी कारखाना बाहेरच ठेवला. हंगाम चार-पाच महिन्यांचा असतो हे मान्य, पण त्या महिन्यांत माणूस आजारी पडत नाही काय?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. जिल्हाधिकारी आणि कारखानदारांनी एवढं तरी याच हंगामात करावं: साथीच्या यादीत ज्याचं नाव आलं, त्याला बरा होईपर्यंत रोजची मजुरी जागेवर द्यावी, मुकादमाच्या हातून नव्हे, थेट त्याच्या खात्यात. आणि पथकाच्या तक्त्यात एक रकाना वाढवावा: बुडालेले दिवस किती, त्यांचे पैसे कुणी दिले.