रिंगा शाबूत, बाकी कुशल

लेस्टर, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आम्ही सर्व मजेत. गाडीचं मात्र हेड उघडलंय.

तुमच्या चिरंजिवांची १९५९ ची मॉरिस मायनर चढाला दम टाकत होती आणि सिग्नलला उभी राहिली की मिसिंग मारत होती. कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीच्या अनुभवावर बाबांनी फोनवर सांगून टाकलं, "रिंगा गेल्या." ह्यांचं म्हणणं, दोष कार्बोरेटरचा. बाप-लेक हटेनात. शेवटी मी म्हटलं, कॉम्प्रेशन मोजा आणि मोकळे व्हा.

इंजिन गरम केलं, चारही प्लग काढले, कॉइलची वायर सोडवली. मी अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टरचा खटका ओढायचा, ह्यांनी गेज धरायचा, धाकटीने आकडे लिहायचे. पहिला सिलिंडर १५० पौंड, दुसरा १४५, तिसरा ९०, चौथा ८५. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट बुजून काटा वर चढला असता. काटा ढिम्म! शेजारशेजारचे दोनच कमी, म्हणजे संशय मधल्या गॅस्केटवर. चाळीतल्या दोन खोल्यांमधली भिंत पडावी, तसं एकाचं प्रेशर दुसऱ्याच्या घरात. हेड काढलं तर तीन-चारच्या मधे गॅस्केट जळून काळा ओघळ उमटलेला. आई, बाबांना जरा बेताने सांगा.

इथे चाळीस वर्षांपुढच्या जुन्या गाडीला वार्षिक तपासणीची सक्ती नाही. ह्यांनी ती सवलत स्वतःलाही लावून घेतलीय. साखर तपासायला चला म्हटलं की कानावर हात. गाडीचं मात्र टॅपेटमधलं अंतरसुद्धा इंचाच्या १२ हजारांशाला जुळलं पाहिजे!

आता नवी गॅस्केट घालून हेडचे नट ४० फूट-पौंडाला, मधून बाहेर अशा क्रमाने आवळायचे, आणि थोडी गाडी चालवून पुन्हा एकदा. तोवर आठ पुशरॉड ज्याच्या त्याच्या जागी परत जावेत म्हणून फराळाच्या खोक्याला भोकं पाडून, नंबर घालून, ओळीने खोचून ठेवलेत. आतल्या चकल्या मी वेळेवर वाचवल्या. अनारशांना ग्रीस लागलं. धाकटी म्हणते, चव तशीच आहे. तरी पुढच्या खेपेला फराळ पत्र्याच्या डब्यात पाठवा. त्याला भोकं पाडायला ड्रिल लागतं, आणि ते मी लपवून ठेवलंय.

आपली,
सूनबाई