कोर्टात उभं राहील का?

आमच्या सोसायटीतल्या एका काकांना सगळे कलमकाका म्हणतात. एका कंपनीच्या विधी विभागातून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली, तरी दूधवाल्याच्या वहीवर ते अजून 'हक्क राखून मान्य' असं लिहून सही करतात. कुठलीही कल्पना मांडा, चष्मा कपाळावर सरकवून ते एकच विचारणार, "छान आहे हो. पण कोर्टात उभं राहील का?"

एआय आलं आणि काकांना पुन्हा पालवी फुटली.

यंदा गणपतीत पोरांनी टूम काढली, आरती अरिजित सिंगच्या आवाजात लावायची. आवाज एआय करून देतं, तेही फुकट. दुसऱ्या दिवशी काका मीटिंगला प्रिंटआउट घेऊन हजर. "२०२४. मुंबई उच्च न्यायालय. याच गायकाने, आपला आवाज न विचारता असा वापरू नये म्हणून आदेश मिळवलाय. आणि तुम्ही लाउडस्पीकर लावून पुरावा तयार करणार?" मग आरती तळमजल्यावरच्या काकूंनीच म्हटली, नेहमीप्रमाणे एका पट्टीत सुरू करून भलत्याच पट्टीत संपवली. त्यावर दाद मागायची सोय कुठल्या कायद्यात आहे, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

खजिनदारांनी थकबाकीदारांची यादी चॅटजीपीटीत टाकून गोड भाषेतलं स्मरणपत्र करून घेतलं. काका चहा तसाच ठेवून उठले. २०२३ मध्ये सॅमसंगच्या माणसांनी कंपनीचा कोड असाच त्यात चिकटवला आणि कंपनीला असल्या साधनांवर बंदी घालावी लागली, हे त्यांनी उभ्यानेच सांगितलं.

"तो कोड होता हो," खजिनदार म्हणाले, "हा ब-४ चा मेंटेनन्स आहे."

"ब-४ ला विचारलंत?"

ब-४ म्हणजे मीच. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

काका एआयच्या विरोधात आहेत, असं मात्र समजू नका. रात्री जेवणं झाली की ते त्याची उलटतपासणी घेतात. चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे कोर्टात दाखल केले म्हणून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला, ही त्यांची लाडकी गोष्ट. म्हणून यंत्राने सांगितलेला प्रत्येक निवाडा ते स्वतः शोधतात आणि नाही सापडला की टाळी वाजवून काकूंना हाक मारतात. यंत्र लगेच माफी मागतं. "बघा," काकू म्हणतात, "पंचेचाळीस वर्षांत तुम्ही एकदा तरी मागितलीत?"

स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर एआयचा गणपती घ्यायचं ठरत होतं. काकांनी १९५७ चा कॉपीराइट कायदा काढला. संगणकाने तयार केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती. मग घडवून कुणी आणली? टाइप करणाऱ्या मुलाने, त्याला सांगणाऱ्या सेक्रेटरींनी, की ठराव करणाऱ्या समितीने? समितीत अकरा जण, त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. शिवाय यंत्र कुणाकुणाची चित्रं बघून शिकलं, तो वाद जगभरच्या कोर्टांत चालूच आहे.

शेवटी सातवीतल्या एका मुलीचं चित्र घेतलं. काकांनी तिच्या वडिलांची लेखी संमती घेतली, तिला ५१ रुपये दिले, पावतीही घेतली. मग चष्मा कपाळावर सरकवून प्रेमाने विचारलं, "बाळ, हा उंदीर तुझाच ना? कुठं बघून नाही ना काढलास?"

"बघूनच काढला, आजोबा. मोदक द्यायला आले होते ना, तेव्हा. तुमच्या ओट्याखाली होता."

काकांनी पेनाचं टोपण लावलं आणि काकूंना हाक मारली.