सामान्यरूपाचा जिल्हा

नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर कोणी “अकोल्याची गाडी कधी आहे?” असं विचारलं, की शेजारचा प्रवासी उलट विचारतो, “अगस्तींचं का वऱ्हाडातलं?” आमच्या नगर जिल्ह्यातलं ते अकोले, वऱ्हाडातलं ते अकोला. पण प्रत्यय लागला की दोघंही ‘अकोल्याला’. मधला मराठवाडा एका ‘ल्या’त गडप.

तसा नगरी माणूस गावाचं मूळ नाव घेतोच कधी? तो गावाला जातो, गावाहून येतो, गावात सोयरीक जमवतो. म्हणजे जन्मभर विभक्तीच्या सामान्यरूपातच नांदतो. प्रथमेतलं गाव दिसतं ते एसटीच्या पाटीवर नाहीतर सातबाऱ्यावर. श्रीगोंदा की श्रीगोंदे, नेवासा की नेवासे, हा वाद म्हणूनच कधी पेटत नाही. श्रीगोंद्याला निघालेल्याला त्याची पडलेलीच नसते.

२०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. बदल पुढच्या बाजूला झाला आणि प्रत्यय लागतो मागे, त्यामुळे नगरला, नगरचा, नगरकर हे सगळे जागच्या जागी आहेत. व्याकरणाने एवढी सोय क्वचितच कुणाची केली असेल.

लिहायला बसलं की मात्र गंमत सुरू होते. गाडी श्रीरामपूरला पोचेपर्यंत ‘पू’ दीर्घ. खाली उतरून श्रीरामपुरात शिरलात की ऱ्हस्व. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांना आपण उगाच शिव्या घालतो. इथे ते तोंडाचंच ऐकतात. ‘पूर’वर थांबलं की आवाज लांबतो, पुढे ‘आत’ आलं की आखडतो. राहात्याचं दुखणं वेगळं. क्रियापद ‘राहता’, गाव ‘राहाता’. “तुम्ही राहता कुठे?” “राहात्याला.” बोलताना दोघांत फारसा फरक उरत नाही, आणि एखादा तत्पर मुद्रितशोधक क्रियापद समजून गावाचाच काना उडवतो.

खरा कलाकार म्हणजे ‘स’. आकारान्त पुल्लिंगी शब्दाला प्रत्यय लागण्याआधी मध्ये ‘या’ घुसतो: घोडा, घोड्याला. ‘स’ला हा पाहुणा झेपत नाही, तो सरळ ‘श’ होतो. मासा-माशाला, घसा-घशात, नेवासा-नेवाशाला. निदान हे कागदावर कबूल तरी करतो. मांजातला ‘ज’ त्याहून लबाड. ‘मांजाने’ म्हणताना तो दातांमागून टाळूवर चढतो, पण अक्षर तेच ठेवून साळसूदपणे बसतो. काही नातेवाईक मात्र प्रत्ययापुढे वाकत नाहीत. मामाचं ‘मामाला’च. ‘माम्याला’ म्हणून बघा, पुढच्या लग्नातला आहेर गेला.

या सगळ्याची परीक्षा नेवाशाच्या देवळात होते. १२९० साली ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली, तिथे एक खांब आहे. ज्ञानेश्वर त्याला टेकून बसत, अशी श्रद्धा आहे. खांबाचं नाव पैस. ऐसपैसमधला पैस. दुर्गा भागवतांच्या पुस्तकाचंही हेच नाव, त्यामुळे वाचणारे सहसा चुकत नाहीत. पैस अकारान्त, म्हणून मध्ये ‘या’ घुसत नाही आणि ‘स’ शाबूत राहतो: पैसाचा खांब. पण आपल्या जिभेला सवय पैशाची. मागे एकदा आमच्यापुढे उभ्या असलेल्या एका पाहुण्याने हात जोडून विचारलं, “हाच का हो तो पैशाचा खांब?”

बाजूला बसलेले आजोबा म्हणाले, “हा पैसाचा. पैशाची पेटी तिकडं आहे.”