बाकी एक

अकराला पाचाने भागा. भाग जातो दोनदा, बाकी एक. ती बाकी म्हणजे मी.

आमची भिशी अकराजणींची. सांगलीत विश्रामबागेला दर महिन्याच्या पाच तारखेला भरते. गेल्या वीस वर्षांत तिच्यातून मिक्सर निघालेत, पाटल्या निघाल्यात, एकीच्या मुलाची इंजिनिअरिंगची फी आणि एकीचा डावा गुडघा निघालाय. तीन वर्षांपूर्वी ठरलं की आता चिठ्ठ्या बंद, महिन्याला पाच हजार नुसते साठवायचे आणि सगळ्यांनी मिळून युरोप बघायचा. छत्तीस महिन्यांचे डोईला एक लाख ऐंशी हजार झाले. मग टूरवाल्यांचे आकडे ऐकले. थोरल्या काकू म्हणाल्या, "एवढ्यात आमच्या धाकट्याचं लग्न झालंवतं, बँडासकट." आपलं आपणच जायचं ठरलं ते तिथेच.

गावं मात्र निवडली ती नेमकी महाग. एकीला गोंडोला हवा होता म्हणून व्हेनिस, दुसरीला बर्फ हवा होता म्हणून झुरिक, आणि तिसरीचा भाचा म्युनिकला होता म्हणून म्युनिक. आम्ही पोचायच्या दोन दिवस आधी हा भाचा ऑफिसच्या कामासाठी बर्लिनला गेला. कामच होतं असं सगळ्यांनी धरून चाललं.

पैसे खजिनदार काकूंकडे. सहकारी बँकेच्या कॅश काउंटरवर एकतीस वर्षं काढलेल्या. निळी चेनची पर्स गळ्यात, ओढणीच्या आत, आणि हातात वही. वहीला पावत्या चिकटवायला गोंदाची कांडीसुद्धा. विमानतळावरच त्यांनी नियम वाचून दाखवले: राहणं, फिरणं, जेवण सामाईक, चहा दिवसातून एकदा सामाईक, देहधर्म ज्याचा त्याचा. शेवटच्या कलमाचा अर्थ कळायला व्हेनिस उजाडावं लागलं.

त्याआधी बॅगांचं सांगते. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपीय संघात मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप गेलं, वाडीचे पेढे गेले, बेळगावचा कुंदा गेला. मिरजेच्या वहिनींनी दशम्यांचं पीठ दुधात भिजवून ठेवलं होतं, ते त्यांच्या घरच्यांनी तीन दिवस खाल्लं. शेवटी धपाटे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, तासगावचे बेदाणे आणि डोईला दोन किलो भडंग एवढ्यावर युरोप काबीज करायचा ठरला.

व्हेनिसमध्ये आम्ही राहिलो नाही, मेस्त्रेला राहिलो. मेस्त्रे म्हणजे पाण्याच्या अलीकडचं, जमिनीवरचं, दिसायला अगदी साधं गाव. तिथून रेल्वेने दहा मिनिटांत व्हेनिस. व्हेनिसची पालिका काही ठरावीक दिवशी, नुसतं दिवसभरासाठी येणाऱ्याकडून प्रवेश शुल्क घेते. आधी भरलं तर पाच युरो, ऐनवेळी दहा. पण मेस्त्रे त्याच पालिकेच्या हद्दीत आहे, त्यामुळे तिथे मुक्काम करणाऱ्याला ते माफ. फक्त तशी नोंद करून ठेवावी लागते. हा शोध आमच्या टोळीतल्या धाकटीचा. खजिनदार काकूंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं सासू सुनेकडे क्वचितच पाहते.

आता गोंडोला. सरकारी दर अर्ध्या तासाला ९० युरो, आणि एका गोंडोल्यात जास्तीत जास्त पाच माणसं. गणिताच्या बाईंनी तिथल्या तिथे मांडलं: दोन गोंडोल्यांत दहा, आणि अकराव्या बाईसाठी तिसरा. २७० युरो. सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. भिशीत मी सगळ्यांत शेवटी आले, सात वर्षांपूर्वी, एक बाई मुलाकडे पुण्याला गेल्या त्यांच्या जागी. अजून नवीनच म्हणायची.

"तुम्ही पुलावरनं फोटो काढा की," मिरजेच्या वहिनी म्हणाल्या. "फोटो काढायला कुणीतरी लागतंयच."

मला वाचवलं त्रागेत्तोने. मोठ्या कालव्यावर पूल मोजकेच, म्हणून काही ठिकाणी जुने, बिनसजावटीचे गोंडोले नुसते या काठावरून त्या काठावर माणसं नेतात. बाहेरच्या माणसाला दोन युरो. गावकरी त्यात बाजाराच्या पिशव्या घेऊन उभ्याने जातात, आपण कृष्णेच्या नावेतून पैलतीराला जावं तसे. सांता सोफियाच्या धक्क्यावर आम्ही अकराजणी चढलो, बसलो, सेल्फी घ्यायला फोन वर केला, आणि नावाड्याने उतरा म्हणून खूण केली. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. थोरल्या काकूंनी तर डोळे मिटून हात जोडले होते, त्यांना काठ लागलेलाच कळला नाही. मग परत त्याच नावेने आलो. बावीस आणि बावीस, चव्वेचाळीस. "दोनशे सव्वीस युरो वाचले," खजिनदार काकूंनी वहीत लिहिलं. वाचलेले पैसेही त्या जमेच्या बाजूला लिहीत. असं लिहीत गेलं तर आपण परत जाताना श्रीमंत होऊन जाऊ, असं मला त्या रात्री वाटलं होतं.

सान मार्कोच्या चौकात फरशीवर बसून खायला मनाई आहे, दंड होतो. आमच्या भडंगाचा चालता चालता खाता येण्याचा गुण आजवर सांगलीत कुणाच्या लक्षात आला नव्हता. त्याच चौकात १७२० सालापासून फ्लोरियन नावाचं कॉफीगृह आहे. बाहेर वादक वाजवत असताना टेबलाशी बसलं तर संगीताचे वेगळे पैसे बिलात लागतात. उभ्याने ऐकणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. आम्ही तीन गाणी उभ्याने ऐकली आणि टाळ्या मात्र बसलेल्यांपेक्षा जोरात वाजवल्या.

आणि देहधर्म. व्हेनिसच्या सार्वजनिक शौचालयाला दीड युरो. दीडशे रुपये! यावर उपाय असा की इटलीत काउंटरपाशी उभ्याने प्यायलेली कॉफी टेबलापेक्षा बरीच स्वस्त पडते, आणि कॉफी घेतली की आतली खोली वापरता येते. एक कॉफी घ्यायची आणि पाळीपाळीने सगळ्यांनी जायचं, असा बेत. पहिल्या चौघींपर्यंत काउंटरवरचा माणूस हसत होता. सातवीला त्याने आमची मोजदाद सुरू केली. माझा नंबर आला तेव्हा तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "आणखी एक कॉफी, सिन्योरा." ती मला माझ्या खिशातून घ्यावी लागली. बाकीची बाकी.

झुरिकला पोचलो तो रविवार. दुकानं बंद, रस्ते रिकामे, सगळं गाव चातुर्मासात असल्यासारखं. उघडी दुकानं मुख्य स्टेशनात. अकरा बायका रेल्वेने उतरून, सामान राहत्या जागी टाकून, परत स्टेशनात भाजी आणायला गेल्या. तिथे फ्लॉवरची किंमत गुणिले शंभर करून वाचली आणि मिरजेच्या वहिनी फ्लॉवरला म्हणाल्या, "बस बाबा हितंच." फ्रँक तर युरोपेक्षाही थोडा महाग. गुणाकार करायचा नाही, असा ठराव मी मांडला, तो दहा विरुद्ध एक मतांनी फेटाळला गेला.

झुरिकची एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. गावात बाराशेच्या वर कारंजी आहेत आणि त्यांचं पाणी पिता येतं. फुकट! खजिनदार काकू पहिल्या कारंज्याशी बराच वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी दोन ओंजळी पिऊन तिसरी डोळ्यांना लावली. तिथून पुढे दिसेल त्या कारंज्यावर बाटल्या भरणं सुरू झालं. अर्ध्या तासापूर्वी भरलेली बाटली ओतून नवी भरायची. फुकटचं पाणी शिळं कशाला प्यायचं?

राहती जागा स्वयंपाकघराची होती, त्यामुळे मुगाची खिचडी आणि कढीऐवजी नुसतं ताक असा बेत रोज जमला. खरा पेच पडला तो कचऱ्याचा. झुरिकमध्ये घरचा कचरा पालिकेच्या पांढऱ्या पिशवीतच टाकावा लागतो आणि ती पिशवी विकत घ्यावी लागते. म्हणजे फेकायलाही पैसे. हे कळल्यावर कांद्याची टरफलं काढताना हात आखडू लागले. बटाटे सालीसकट झाले. थोरल्या काकूंनी लिंबाच्या फोडी मिठात घालून चार दिवसांत लोणचं मुरवायला ठेवलं, नुसता कचरा कमी व्हावा म्हणून. निघताना तीन दिवसांची एकच पिशवी झाली होती, तीही पाऊण. खजिनदार काकूंनी तिचा फोटो काढला.

बर्फासाठी युंगफ्राऊयोखला जायचं होतं. ३,४५४ मीटर उंची, वर रेल्वेने जाता येतं, आणि इंटरलाकेनहून पूर्ण दराचं तिकीट माणशी दोनशे फ्रँकच्या वर. ज्यांना बर्फ हवा होता त्या वहिनींनीच आकडा ऐकून सांगितलं, "मला लांबनं चालतंय." मग झुरिकचा घरचा डोंगर, युटलीबर्ग. गावातल्या लोकल गाडीने अर्ध्या तासाच्या आत वर. हवा स्वच्छ होती. तळं, गाव आणि पार मागे आल्प्सची पांढरी रांग. वहिनी कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिल्या. कुणी हिशेब काढला नाही. मग त्याच म्हणाल्या, "फ्रीजरमध्ये जमतंय तसंच की." झालं.

म्युनिकमध्ये तर साऱ्या राज्याचाच पाचावर लोभ. शहरात दिवसभर फिरायचं सामूहिक तिकीट पाच मोठ्या माणसांचं. रेल्वेने बायर्न प्रांतभर हिंडायचं दिवसाचं तिकीटही पाचांपर्यंतच. माणूस वाढेल तशी थोडी भर घालायची, पण पाच म्हणजे पाच. ते थेट साल्झबुर्गपर्यंत चालतं. जलद गाड्यांत नाही, साध्या गाड्यांत. आठवड्याच्या दिवशी सकाळी नऊनंतर, शनिवार-रविवारी कधीही. खजिनदार काकूंनी शनिवार निवडला, दोन पाचांची तिकिटं काढली आणि माझं एकटीचं. माझं अर्थात डोईला सगळ्यांत महाग पडलं. त्यावरून त्यांनी माझ्याकडे, मी मुद्दाम अकरावी जन्माला आल्यासारखं पाहिलं.

या तिकिटावर प्रत्येकाचं नाव लिहावं लागतं. इथे वीस वर्षांची भिशी उघडी पडली. कोणाचंच नाव कोणाला येईना. वहीत इतकी वर्षं 'मिरज वहिनी', 'गणित बाई', 'कोपऱ्यावरच्या', 'डॉक्टरीणबाई' अशीच खाती. थोरल्या काकूंचं माहेरचं नाव एक, सासरचं एक आणि पासपोर्टवर तिसरंच, जे त्यांच्या यजमानांनी रेशनकार्डावर घातलं होतं. प्लॅटफॉर्मवर बॅगेवर कागद ठेवून धाकटी एकेकीचा पासपोर्ट मागत होती, आणि बायका आपापली नावं पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या सांगत होत्या. टीसी आला. त्याने पहिलं नाव मोठ्याने वाचलं, त्याच्या उच्चारात. पाचजणी एकमेकींकडे बघत बसल्या. शेवटी कोपऱ्यावरच्या वहिनींनी हात वर केला, "अय्या, मीच की ती." माझ्या तिकिटावर माझं एकच नाव होतं. ते त्याने न चुकता वाचलं आणि मान लववली. साऱ्या प्रवासात मला मिळालेला तेवढाच मान.

साल्झबुर्गचं सांगत नाही, चांगलं होतं. त्यापेक्षा दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ सांगते. इंग्लिश गार्डन नावाच्या बागेत चिनी मनोऱ्याखाली हजारो माणसांचं बिअरगार्डन आहे. चेस्टनटची झाडं, खाली खडी, लांबच लांब बाकं. बायर्नमध्ये बिअरगार्डनला घरचा डबा नेता येतो. उगाच नाही, जुनी गोष्ट आहे. उन्हाळ्यात बिअर थंड राहावी म्हणून ती बनवणारे नदीकाठी तळघरं खणत, वर सावलीला चेस्टनट लावत आणि तिथेच बाकं टाकून बिअर विकत. गावातल्या खानावळवाल्यांची गिऱ्हाइकं पळाली. त्यांनी राजाकडे गाऱ्हाणं नेलं, तेव्हा १८१२ मध्ये राजा मॅक्सिमिलियनने निवाडा दिला: तळघरवाल्यांनी बिअर आणि पाव विकावा, जेवण विकू नये. मग लोक जेवण घरून आणू लागले. आजही जिथे टेबलावर कापड नाही तिथे डबा उघडायचा, फक्त पेय तिथलं घ्यायचं.

हे धाकटीने वाचून दाखवलं तेव्हा खजिनदार काकूंनी राजाचं नाव दोनदा विचारून वहीत लिहिलं.

पुढचा अर्धा तास आमच्या साऱ्या सहलीतला सर्वांत कायदेशीर होता. धपाटे निघाले, चटणी निघाली, झुरिकचं लोणचं निघालं. पेय म्हणून सफरचंदाचं सोडा घातलेलं सरबत. पेल्यालाही अनामत पडते, परत केला की मिळते. हे कळल्यावर काकूंनी अकरा पेल्यांवर नजर ठेवली, मंगळसूत्रावर ठेवावी तशी. थोरल्या काकूंनी राडलर मागवलं. निम्मी बिअर आणि निम्मं लिंबूपाणी असतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि लिंबूपाणी चांगलं आहे असं त्या तीनदा म्हणाल्या.

शेजारच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ पांढऱ्या मुळ्याची सलग, स्प्रिंगसारखी चकती कापून तिला मीठ लावत बसले होते. मीठ लावून पाणी सुटेपर्यंत थांबायचं, मग खायचं. मिरजेच्या वहिनींना राहवेना. "कोशिंबीर करत्यात हे," त्या म्हणाल्या, "दही नाही तेवढं." त्यांनी कागदावर मूठभर भडंग सरकवलं. गृहस्थांनी मुळ्याची स्प्रिंग अर्धी तोडून दिली. भडंगातला लसूण दाताखाली आल्यावर त्यांनी थांबून, चष्मा काढून कागदात पाहिलं, आणि उरलेलं चमच्याने खाल्लं.

शेवटच्या दिवशी स्टेशनवर हिशेब. शनिवारी साल्झबुर्गच्या घाईत पाण्याच्या अकरा बाटल्या विकत घ्याव्या लागल्या होत्या. जर्मनीत प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात रिकामी घातली की चिठ्ठी मिळते. अकरा बाटल्या सांभाळायचं काम माझं. यंत्राने एकेक गिळली, चिरडल्याचा आवाज केला आणि २ युरो ७५ सेंटची चिठ्ठी दिली. पर्समध्ये ५३ युरो २५ सेंट उरले होते. बेरीज बरोब्बर छप्पन्न.

"छप्पन्नाला अकराने भागा," खजिनदार काकू म्हणाल्या. गणिताच्या बाईंचं कधीच झालं होतं. प्रत्येकीला पाच युरो. काकूंनी मोजून वाटले. वहीवर एक नाणं उरलं.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

स्टेशनच्या शौचालयाचं फाटक एक युरो टाकल्याशिवाय उघडत नाही. आणि मी सकाळपासून अडून बसले होते, कारण पाचाची नोट सुटी करायला तिथे कुणी तयार नव्हतं. काकूंनी नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. "घ्या. तुमचंच आहे."

मी पळालेच. जिना अर्धा उतरले असेन, तोच वरून आवाज आला, "पावती आणा हो!"