मुलुंड ते बोरिवली, मार्गे पवई

नकाशात पाहिलं तर मुलुंड आणि बोरिवली यांच्यामध्ये फक्त एक जंगल आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, साधारण १०४ चौरस किलोमीटर. मुलुंड पश्चिमेच्या आमच्या भाड्याच्या घरातून त्याचा डोंगर दिसायचा. बोरिवली पूर्वेच्या नव्या घरातून तोच डोंगर पलीकडून दिसतो. बिबट्याने मनावर घेतलं तर एका रात्रीचं काम. माणसाला लोकलने दादरपर्यंत खाली जाऊन परत वर यावं लागतं. टेम्पोला वाटा दोन: घोडबंदर, नाहीतर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड.

घर बदललं ते वर्ष आमच्या घरात सगळ्यांनीच अंगावर घेतलं होतं. बायकोला अंधेरीला नवी नोकरी लागली. मला मालाडला लागली. या बातमीने सगळ्यात जास्त मीच दचकलो. अकरा महिन्यांचा करार संपला आणि घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं. चिपळूणहून बाबा कायमचे आमच्याकडे आले, कारण आई गेल्यावरही ते रोज दोन कप चहा टाकत होते. आणि बायकोला चौथा महिना लागला.

तिला टेम्पोत बसवायचं नाही, असा बाबांचा हुकूम. ती दुपारच्या रिकाम्या गाडीने दादरमार्गे पुढे गेली. नऊचा टेम्पो बाराला आला. हमालांनी आधी फ्रिज चढवला आणि वर सगळा संसार रचला. मी भिंतीवरचं घड्याळ उचललं. घर बदलताना मी नेहमी अशीच वस्तू उचलतो, जी हलकी असते पण जबाबदारीची दिसते.

"घोडबंदर नको साहेब," ड्रायव्हर म्हणाला, "गायमुखला घाट जाम हाय." म्हणून पवई. ड्रायव्हरशेजारी बाबा, खिडकीला मी, माझ्या मांडीवर घड्याळ. चालू घड्याळ.

गांधीनगरच्या वळणावर आम्ही थांबलो. डोक्यावर मेट्रो सहाचं काम, खाली आम्ही. आयआयटीचं फाटक इतका वेळ समोर होतं की माझ्यासारख्यालाही प्रवेश मिळेल असं वाटू लागलं. पवई तलाव सुंदर आहे. पाऊण तासानंतर जरा कमी सुंदर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईला पाणी पाजायला तो बांधला, पण पाणी पिण्यालायक ठरेना. नोकरी गेल्यावर इतकं टुमदार दिसणं सगळ्यांना जमत नाही.

बाबा एसटीत कंडक्टर होते. त्यांच्या लेखी जगातली सगळी वाहनं एसटीच आहेत, काहींना रंग चुकीचा लागलाय इतकंच. त्यांनी मागच्या पत्र्यावर दोनदा टकटक केली.

"काय झालं काका?"

"डबल बेल. चला."

"काका, पुढं जागा कुठाय?"

"मग आत सरका म्हणावं त्यांना."

फोन वाजला. बायको. "सोसायटीत सामान पाचपर्यंतच चढवू देतात. कुठे आहात?"

"पवईला."

"मघाशीही पवईलाच होतात."

"पवई मोठी आहे गं."

मांडीवर सव्वाचार वाजले होते. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग समोरच्या डंपरकडे बघत म्हणाले, "तुझी आई कधीकधी माझ्या गाडीत येऊन बसायची. पासावर. काम काही नसायचं. चिपळूण-गुहागर जायची, त्याच गाडीने परत यायची. घरी गेल्यावर म्हणायची, आज तुम्ही सुट्ट्यांवरून फार भांडलात."

मला हे माहीत नव्हतं. ड्रायव्हरने उगाचच हॉर्न वाजवला.

विषय बदलायला मी बाबांना बिबट्याची गोष्ट सांगितली. २००९ साली वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका बिबट्याच्या गळ्यात पट्टा घालून त्याला माळशेज घाटात सोडलं. तो सुमारे १२० किलोमीटर चालून महिन्याभरात आपल्या या उद्यानापर्यंत आला. त्याचं नाव आजोबा. २०१४ साली त्याच्यावर मराठी सिनेमाही निघाला.

होऊ घातलेल्या आजोबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "सामान किती होतं त्याच्याकडे?"

सहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही फाटकाशी पोहोचलो. सेक्रेटरी बर्म्युडा घालून खाली आले आणि नियमावली तोंडपाठ म्हणाले. सामान चढवा, पण लिफ्ट मिळणार नाही. आम्ही चोरून वापरू नये म्हणून त्यांनी वॉचमनला ती बंदच करायला लावली आणि स्वतः भाजीला गेले. मला खरंच राग आला. या शहरात भाडेकरूला आत यायला पोलीस पडताळणी लागते, दोन चेक लागतात, ना हरकत पत्र लागतं, लिफ्टवर ओरखडा पडू नये म्हणून वेगळं डिपॉझिट लागतं. बाहेर जायला फक्त घरमालकाच्या मुलाचं लग्न लागतं.

घर चौथ्या मजल्यावर. हमालांनी मजल्यागणिक वेगळा भाव सांगितला. सगळ्यात शेवटी फ्रिज निघाला आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकला. वरही जाईना, खालीही येईना. बाबा वरच्या पायरीवर उभे राहून सूचना देत होते, मी घड्याळ धरून पाठिंबा देत होतो. तेवढ्यात खालून सेक्रेटरी आले, हातात कोथिंबीर. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट त्यांच्याच हुकमाने बंद.

"जरा बाजूला घ्या."

"गाडी फुल आहे," बाबा म्हणाले. "मागून दुसरी येतेय."

दहा मिनिटं कोथिंबीर धरून उभं राहिल्यावर सेक्रेटरींनी वॉचमनला हाक मारली. लिफ्ट सुरू झाली. फ्रिज तिरका करून खाली घेतला, आत सरकवला, आणि बाबांनी त्याच्या दारावर दोनदा टकटक केली. तो उभा राहिला चौथ्या मजल्यावर, बायकोसमोर. तिने आधी मला विचारलं, घड्याळ जड होतं का.

त्यानंतर घरात मुलगी आली. पाच वर्षांपर्यंत तिला तिकीट नाही, असं बाबांनी जाहीर केलंय. बायकोची बाळंतपणाची रजा संपत आली आणि तिच्या कंपनीने पत्र पाठवलं: अंधेरीचं ऑफिस बंद करून नव्या जागेत हलवत आहोत. नवी जागा मुलुंडला.

गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचं काम सुरू आहे. लांबी १२.२ किलोमीटर, त्यात उद्यानाच्या पोटातून ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे. ते खणणाऱ्या सगळ्यांना हात जोडून विनंती आहे की लवकर खणा. आमचा करार अकरा महिन्यांचाच आहे.